मुंबई ते हंपी, स्लीपरच्या बजेटमध्ये

मुंबई-हंपी प्रवासात रेल्वेचं तिकीट हा सगळ्यात स्वस्त भाग. स्लीपरने एका बाजूचे चारशे ते पाचशे रुपये, जनरलने त्याच्या जेमतेम निम्मे. खिसा हलका व्हायला लागतो तो होस्पेट स्टेशनाबाहेर पाऊल टाकल्यावर. शेवटच्या तेरा किलोमीटरची रिक्षा, नदीच्या चुकीच्या काठावर घेतलेली खोली, एकाच दिवसापुरतं चालणारं तिकीट दोनदा काढणं, शेवटची होडी चुकल्यावरचा पन्नास पटींचा सौदा. गाडीभाड्यात शंभर रुपये वाचवण्यासाठी आठवडाभर खटपट करणारी मंडळी इथे एका संध्याकाळी हजार रुपये घालवतात. म्हणून खाली गाडीबद्दल लिहिलं आहेच, पण जास्त लिहिलं आहे ते गाडीतून उतरल्यानंतरच्या गोष्टींबद्दल. खर्चाचे आकडे अंदाजाचे समजावेत. हंगामाप्रमाणे ते हलतात.

सर्वात सोयीची गाडी म्हणजे सीएसएमटीहून रात्री सुटणारी होस्पेट एक्स्प्रेस, क्रमांक १११३९. पूर्वी ती गदगपर्यंतच जायची, त्यामुळे जुन्या माहितीत ती ‘गदग एक्स्प्रेस’ म्हणूनच सापडते. पुणे, सोलापूर, विजयपुरा (आपलं विजापूर), बागलकोट, बदामी, गदग, कोप्पळ असा तिचा मार्ग. दुसऱ्या दिवशी ती होस्पेटला सोडते. रेल्वेच्या अ‍ॅपवर ‘होसापेटे’ शोधावं लागतं, स्टेशनचा कोड एचपीटी. ‘हंपी’ नावाचं स्टेशनच नाही. ‘हंपी एक्स्प्रेस’ नावाची गाडी आहे, पण ती हुबळी-म्हैसूर धावते आणि मुंबईशी तिचा काही संबंध नाही. नाव बघून तिच्या मागे लागू नका.

आरक्षण प्रवासाच्या साठ दिवस आधी सकाळी आठला उघडतं. ख्रिसमसचा आठवडा, प्रजासत्ताक दिनाला जोडून आलेला शनिवार-रविवार आणि दिवाळीची सुट्टी, या तीन वेळांना पहिल्याच सकाळी बसावं लागतं. एरवी तीन-चार आठवडे आधी काढलं तरी चालून जातं. एक बारीक गोष्ट: वेटिंग मिळणारच असेल तर तिकीट सीएसएमटी ते होस्पेट असं पूर्ण अंतराचं काढा आणि चढायचं स्टेशन कल्याण किंवा पुणे असं बदलून घ्या. सुरुवातीच्या स्टेशनापासूनच्या तिकिटाला सर्वसाधारण वेटिंग लागतं आणि ते सरकतं. मधल्या स्टेशनांच्या कोट्यातलं वेटिंग बहुधा जागचं हलत नाही. चढण्याचं स्टेशन बदलल्यावर मूळ स्टेशनातून त्या बर्थवर हक्क उरत नाही, हे मात्र लक्षात ठेवायचं. डोंबिवलीकराने आदल्या दिवशी कल्याण टाकलं आणि ऐनवेळी ऑफिसमधूनच सीएसएमटी गाठली, तर टीसीशी हुज्जत अटळ.

ऑनलाइन काढलेलं तिकीट चार्ट लागल्यावरही वेटिंगवरच राहिलं तर ते आपोआप रद्द होतं, पैसे परत येतात आणि आपण प्लॅटफॉर्मवर उभे. काउंटरचं वेटिंग तिकीट असलं तरी स्लीपरमध्ये चढू देत नाहीत, जनरलमध्येच जावं लागतं. तत्काळ आदल्या दिवशी, स्लीपरसाठी सकाळी अकराला. आधार जोडलेलं आणि पडताळलेलं खातं नसेल तर त्या वेळी काही करता येत नाही, ते आधीच उरकून ठेवावं. तत्काळचा जादा आकार धरूनही रात्रभराच्या खासगी स्लीपर बसपेक्षा रेल्वे स्वस्तच पडते.

थेट गाडी मिळालीच नाही तर दादरहून रात्री सुटणाऱ्या दक्षिणेच्या गाड्या बघाव्यात. शरावती, चालुक्य आणि तिरुनेलवेली, या तिघी मिळून आठवड्याचे सातही दिवस भरून काढतात. मिरज, बेळगाव, धारवाड करत त्या हुबळीला पोचवतात. हुबळी ते होस्पेट १४३ किलोमीटर. पुढच्या गाडीचं साधं तिकीट शंभराच्या आत येतं, पण गाड्यांच्या मधलं अंतर मोठं. बस लवकर सुटते, तिला साधारण दुप्पट-तिप्पट भाडं आणि चार तासांच्या वर वेळ. दिवसाउजेडी हंपीत पोचायचं असेल तर बस. बंगळूर-चेन्नईकडे जाणाऱ्या गाडीने गुंटकलला उतरून उलटं यायचा तिसरा मार्गही नकाशावर सोपा दिसतो. बऱ्याच गाड्या तिथे आडवेळी उतरवतात. रात्र स्टेशनावर काढायची तयारी असेल तरच तो धरा.

गाडीतल्या रात्रीबद्दल थोडकं. स्लीपरला चादर-उशी मिळत नाही, आणि डिसेंबर-जानेवारीत पुण्यापासून सोलापूरपर्यंत खिडकीच्या फटीतून येणारा वारा मुंबईकराला झेपत नाही. कानटोपी आणि शाल पिशवीच्या तळाशी नको, वर ठेवा. सोबत पोळी-भाजी, धपाटे, दाण्याची चटणी असा दोन जेवणांचा डबा घेतला की वाटेतला खर्च चहापुरता उरतो. विजापूरच्या पुढे सकाळी डब्यात इडली-वडा घेऊन विक्रेते चढतात, तो नाश्ता घ्यायला हरकत नाही. आणि साठ लिटरची सॅक घेऊन संध्याकाळी सातच्या लोकलने सीएसएमटीला जायचा विचार असेल तर तो सोडा.  ठाणे-कल्याणकरांनी सरळ कल्याणहूनच चढावं. चाळीस लिटरच्या आतली सॅक पुरते, आणि हंपीत सायकलवर तीच पाठीवर मानवते.

होस्पेटला उतरलात की खरी परीक्षा. स्टेशनाबाहेर रिक्षावाले हंपीचे तीनशे-चारशे सांगतात, आणि ‘आता बस नाही’ हे वाक्य त्यात हटकून असतं. बस असते. स्टेशनापासून मध्यवर्ती बसस्टँड दीड-दोन किलोमीटर, सरळ रस्ता, वीस-पंचवीस मिनिटं चालणं. चालायचं नसेल तर शेअर रिक्षाने माणशी वीसएक रुपये. स्टँडवरून हंपीच्या लाल बस दिवसभर साधारण अर्ध्या तासाच्या अंतराने सुटतात, भाडं वीस-पंचवीस रुपये. रात्री साडेआठ-नऊनंतर मात्र भरवसा नाही, म्हणून गाडी चार-पाच तास लेट झाली तरच रिक्षाचा विचार करावा. पाट्या बऱ्याचदा फक्त कन्नडमध्ये असतात. ‘हंपिगे होगुत्ता?’ एवढं विचारलं की कंडक्टर मान हलवतो. बस दोन वाटांनी जातात, काही कड्डीरामपुऱ्यावरून आणि काही कमलापुरावरून. हंपी बाजारात उतरायचं तर कुठलीही चालेल, पण कमलापुरात खोली घेतली असेल तर आधी विचारून घ्या.

कर्नाटकातल्या सरकारी बसमध्ये बायकांना प्रवास फुकट, हे ऐकून मुंबईच्या मैत्रिणी आनंदाने चढतात. ती शक्ती योजना कर्नाटकाच्या रहिवाशांसाठी आहे, ओळखपत्रावर तिथला पत्ता लागतो. आपलं आधार दाखवलं की कंडक्टर हसून तिकीट फाडतो. सुटे पैसे जवळ असू द्या, दहा-वीसच्या नोटांची एक वेगळी घडी. यूपीआय हंपीत बहुतेक दुकानांत चालतं, पण शिळांच्या मधल्या खाचांत नेटवर्क जातं, आणि नेमकं तिथेच शहाळं विकणारा बसलेला असतो.

मुक्काम कुठे, यावर सगळ्या सहलीचा खर्च ठरतो. तुंगभद्रेने हंपीचे दोन भाग केले आहेत. दक्षिण काठावर विरूपाक्ष मंदिर, हंपी बाजार आणि बहुतेक सगळे अवशेष. उत्तर काठावर आनेगुंदी, अंजनाद्री, सणापूरचा तलाव आणि भाताची शेतं. मंदिराच्या समोरच उत्तर काठावर विरुपापूर गड्डी नावाचा भाग आहे. परदेशी बॅकपॅकर्सच्या झोपड्यांमुळे ‘हिप्पी आयलंड’ म्हणून तो गाजला. तिथली बेकायदा ठरलेली गेस्टहाउसं सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर २०२० मध्ये पाडली गेली. तरी आजही जुनी वर्णनं वाचून लोक सॅक पाठीवर घेऊन होडीने पलीकडे जातात, आणि पुन्हा होडीने परत येतात. उत्तरेकडचे हॉस्टेल आता सणापूर आणि आनेगुंदीच्या बाजूला सरकलेत. तिथे डॉर्ममध्ये गादी चारशे ते सातशेत मिळते, वातावरण छान, पण अवशेष बघायला रोज नदी ओलांडायची किंवा पुलावरून वीसएक किलोमीटरचा वळसा घालायचा. त्यासाठी स्कूटर लागते. स्कूटरचं भाडं दिवसाला चारशेच्या घरात, वर पेट्रोल. डॉर्ममध्ये वाचवलेले पैसे तिथे जातात.

दोन दिवसच हातात असतील तर आमचं मत सरळ आहे: दक्षिण काठ, हंपी बाजार. बसस्टँडच्या मागच्या गल्ल्यांत घरांच्या वरच्या मजल्यांवर साध्या खोल्या आहेत. दोघांत आठशे ते बाराशे, म्हणजे माणशी डॉर्मइतकंच. पावसाळ्यात आणि एप्रिल-मेमध्ये त्याच खोल्या पाचशेतही निघतात, तर २४ डिसेंबर ते २ जानेवारी या दिवसांत दुप्पट-तिप्पट. हंपी उत्सवाच्या तारखाही दरवर्षी पाहून घ्याव्यात, त्या दिवसांत होस्पेटपर्यंत सगळं भरतं. खोली घेताना मच्छरदाणी, गरम पाण्याची वेळ आणि चेकआउटनंतर सॅक ठेवू देतात का, या तीन गोष्टी विचारा. तिसरी सर्वात महत्त्वाची. परतीची गाडी आणि चेकआउट यांच्या वेळा क्वचितच जुळतात. हंपी बाजार हा मंदिराचा परिसर असल्याने तिथे मांसाहार आणि दारू मिळत नाही, त्यासाठी लोक होस्पेट किंवा पलीकडचा काठ गाठतात. कमलापुरा हा मधला पर्याय. खोल्या थोड्या स्वस्त, संग्रहालय जवळ, पण पहाट आणि संध्याकाळ दोन्ही हातच्या जातात.

आता तिकिटाची गोष्ट, जिथे सगळ्यात जास्त लोक फसतात. हंपीतली बहुतेक ठिकाणं फुकट आहेत. पुरातत्त्व खात्याचं तिकीट लागतं ते झनाना आवार (राणीवसा: कमल महाल आणि गजशाळा), विठ्ठल मंदिर आणि कमलापुऱ्याचं संग्रहालय यांना, आणि या तिन्हींसाठी मिळून एकच तिकीट. भारतीयांना चाळीस रुपये, पंधरा वर्षांखालच्या मुलांना काही नाही. पण ते फक्त त्याच दिवशी चालतं. बाजारातून नदीकाठाने विठ्ठल मंदिर चालत दोन किलोमीटरवर, म्हणून लोक पोचल्या दिवशीच संध्याकाळी चार वाजता तिथे तिकीट काढतात. पाचला फाटक बंद, दुसऱ्या दिवशी झनान्यात पुन्हा तिकीट. चाळीस रुपयांचं काही नाही; परदेशी मित्र सोबत असेल तर तेच सहाशे रुपये आहेत. शुक्रवारी संग्रहालय बंद असतं, तेवढा एक वार टाळा.

म्हणून पोचल्या दिवशी फुकटचं बघायचं आणि दुसरा अख्खा दिवस तिकिटाला द्यायचा. पोचल्या दिवशी दुपारनंतर हेमकूट टेकडी. विरूपाक्षाला लागूनच सपाट खडकावर लहान लहान देवळं विखुरलेली आहेत. काहींची शिखरं पायऱ्यापायऱ्यांच्या पिरॅमिडसारखी, विजयनगर साम्राज्याच्याही आधीची. सूर्यास्ताला गर्दी होते, पण खडक इतका पसरलेला आहे की जागा मिळते. टेकडीच्या उतारावर कडलेकाळू आणि ससिवेकाळू हे दोन गणपती. पहिला साडेचार मीटर उंच, गाभाऱ्यात बसलेला. दुसरा उघड्या मंडपात. दुसऱ्याच्या मागे जाऊन बघा. पाठीमागून त्याच दगडात एक बसलेली स्त्री कोरली आहे, जणू गणपती तिच्या मांडीवर बसला आहे. समोरून फोटो काढून निघून जाणाऱ्यांना हे दिसतच नाही.

दुसऱ्या दिवसासाठी सायकल. भाडं दिवसाला शंभर-दीडशे. आदल्या संध्याकाळीच ठरवून ठेवली तर सकाळी आठपर्यंत थांबावं लागत नाही. घेण्याआधी दोन्ही ब्रेक दाबून बघा, सीट गुडघ्याच्या मानाने वर करून घ्या, कुलूप आहे ना ते पहा, आणि टायर बोटाने दाबून हवा तपासा. बाभळीच्या काट्यांनी पंक्चर होणं नित्याचं, म्हणून पंक्चरचा खर्च कोणाचा हे आधी बोलून घ्यायचं. ओळखपत्राची झेरॉक्स द्या, मूळ आधार कोणाच्याही हाती ठेवू नका. मार्चनंतर मात्र सायकलचा हट्ट नको. ऊन चाळिशीच्या वर जातं, खडक तापतात आणि दुपारी अकरा ते चार माणूस भाजून निघतो.

बाजारातून निघालं की आधी चढ. हेमकूटाच्या कडेने तो ओलांडला की कृष्ण मंदिर, कृष्णदेवरायाने ओरिसाच्या मोहिमेनंतर १५१३ मध्ये बांधलेलं. समोर त्याचा बाजार आणि पुष्करणी. पुढे लक्ष्मीनरसिंह, एकाच शिळेतला, ६.७ मीटर. मांडीवरची लक्ष्मी तुटून गेली आहे, कमरेवरचा तिचा हात तेवढा शिल्लक आहे. शेजारीच पाण्यात उभं तीन मीटरचं बडवीलिंग. तिथून भूमिगत शिवमंदिर, जिथे वर्षाचा बराच काळ गाभाऱ्यात पाणी असतं आणि चपला बाहेर काढून त्यातून जावं लागतं. मग झनाना. इथे तिकीट काढा, आणि ते खिशात नीट ठेवा, संध्याकाळपर्यंत लागेल. कमल महालात आत जाता येत नाही, बाहेरूनच बघायचा. गजशाळेची अकरा दालनं एका रांगेत, वरचे घुमट वेगवेगळ्या घाटांचे.

झनान्यातून बाहेर आल्यावर बहुतेक जण दमतात आणि शेजारचं राजांगण उरकून टाकतात. तिकीटही नाही, म्हणून बिनमहत्त्वाचं वाटत असेल. खरं तर हंपी समजून घ्यायची ती इथेच. हजारराम मंदिराच्या भिंतीवर रामायण पट्ट्यापट्ट्यांनी कोरलं आहे, बाहेरच्या आवारभिंतीवर हत्ती, घोडे, नर्तकी यांच्या मिरवणुका. महानवमी दिब्बा या उंच दगडी चौथऱ्याच्या तळाच्या थरात शिकारी, नाचणाऱ्या बायका, घोडे विकायला आलेले परदेशी व्यापारी दिसतात. आणि दिब्ब्याच्या बाजूला पायऱ्यांची पुष्करणी, काळ्या दगडाची, भूमितीच्या पुस्तकातून काढल्यासारखी. ती १९८०च्या दशकातल्या उत्खननात वर आली. तिच्या कडेला बसा आणि पायऱ्यांचे दगड जवळून बघा. कित्येक दगडांवर बारीक कन्नड अक्षरं आणि खुणा कोरलेल्या आहेत: हा दगड कोणत्या बाजूला, कितव्या ओळीत बसवायचा त्याच्या खुणा. म्हणजे दगड दुसरीकडे घडवून, क्रम लावून इथे जोडले. जवळच दगडी पन्हळींचा पाट खांबांवरून धावतो, त्यातूनच या तळ्याला पाणी येई. गाइडची इथे सर्वाधिक गरज असते, आणि चार-पाच जणांत वाटून घेतला तर माणशी भार फार येत नाही. एकटे असाल तर कुणा गटाच्या मागे घुटमळण्यापेक्षा आधी वाचून या.

राणीचं स्नानगृह वाटेवरच आहे, तिथे दहा मिनिटं पुरे. कमलापुऱ्यात जेवा. साध्या खाणावळीत ‘ऊटा’ म्हणून जी थाळी मिळते ती शंभर-सव्वाशेत भात-सांबार-पल्याने (भाजीने) पोट भरते, बाजारातल्या पर्यटकी हॉटेलांत त्याच पैशांत नूडल्स येतात. नंतर संग्रहालय. मधल्या चौकात हंपीच्या सगळ्या भूभागाची प्रतिकृती मांडली आहे. टेकड्या, नदी, तटबंदीची कडी असं सारं एका नजरेत येतं, आणि सकाळभर फिरलेला रस्ता तिथे बोटाने शोधता येतो.

कमलापुऱ्यातून विठ्ठल मंदिराकडे सहाएक किलोमीटर, रस्ता मोकळा, केळीच्या बागांमधून. वाहनं गेज्जल मंडपापाशी थांबतात. पुढचं एक किलोमीटर बॅटरीच्या गाडीने वीस रुपयांत, किंवा चालत. दुपारी गाडीची रांग चालण्याच्या वेळेपेक्षा मोठी असते, चालाच. तीन-साडेतीनला पोचलात तर दीड तास मिळतो. दगडी रथ हे खरं तर गरुडाचं मंदिर. पन्नासच्या नोटेवर तोच आहे. त्याच्यावर पूर्वी विटांचं शिखर होतं, १८५६ मध्ये अलेक्झांडर ग्रीनलॉने काढलेल्या छायाचित्रांत ते दिसतं. पुढे जोडलेले हत्तीही मूळचे नाहीत. त्यांच्या मागे दगडात घोड्याच्या मागच्या पायांचे आणि शेपटीचे अवशेष शोधले तर सापडतात. रथाला साखळीचं कुंपण आहे. नाद देणाऱ्या खांबांना टिचकी मारायला बंदी आहे, आणि कुणी पैसे घेऊन वाजवून दाखवतो म्हणाला तर नाही म्हणावं.

गाभारा रिकामा आहे. वारकरी परंपरा सांगते की कृष्णदेवरायाने पंढरीचा विठ्ठल इथे आणला आणि एकनाथांचे पणजोबा भानुदास तो परत घेऊन गेले. इतिहासकारांचं यावर एकमत नाही. तरी सोलापूर-पंढरपूरकडचे लोक या रिकाम्या गाभाऱ्यासमोर हात जोडतात, आणि आपल्या गटातलं कोणीतरी हमखास तसं करतं. राक्षसतागडीच्या (तालीकोटच्या) १५६५च्या लढाईत विजयनगर हरल्यावर हे राजधानीचं शहर लुटलं गेलं आणि पुन्हा वसलं नाही.

परतीला सायकल असेल तर नदीकाठची वाट धरू नका. पुरंदरदास मंडपाच्या पुढे खडकातल्या पायऱ्या आहेत, सायकल खांद्यावर घ्यावी लागते. आल्या रस्त्यानेच परत या, अंधार पडायच्या आत. त्या रस्त्यावर दिवे नाहीत.

तिसरा दिवस मातंग टेकडीने सुरू करायचा. हिवाळ्यात सूर्य साडेसहाच्या पुढे उगवतो, तर पाचच्या सुमारास निघा. बाजाराच्या पूर्व टोकाला एकशिळा नंदी, तिथून पायऱ्या. पाऊण तासाची चढण. शेवटच्या टप्प्यात पायऱ्या अरुंद आणि गुळगुळीत, हातात मोबाइलचा दिवा धरून चढणं धोक्याचं. डोक्याला लावायचा टॉर्च हवा. आजूबाजूच्या टेकड्यांत अस्वलं आणि बिबटे आहेत, दरोजीचं अस्वल अभयारण्य इथून जवळच. अंधारात एकट्याने चढू नका. दोन-चार जण तरी सोबत असू द्या. मुलींनी तर ओसाड वाटा तिन्हीसांजेनंतर टाळाव्यातच, हंपी कितीही निवांत वाटली तरी. वर पोचल्यावर खाऊ बाहेर काढू नका, माकडं पिशवीची चेन उघडतात. उतरताना पूर्वेच्या बाजूने अच्युतराय मंदिरात उतरता येतं. १५३४चं हे देऊळ आणि त्याच्यासमोरचा लांबच लांब रिकामा बाजार सकाळी साडेसातला बहुधा तुमच्या एकट्यासाठी असतो.

विरूपाक्ष मंदिरात पूजा आजही चालते. नऊ मजली गोपुर जवळपास पन्नास मीटर. आत मागच्या बाजूला एका अंधाऱ्या खोलीत भिंतीच्या फटीतून येणाऱ्या उजेडाने त्याच गोपुराची सावली उलटी पडते. सकाळी ऊन गोपुरावर असताना ती स्पष्ट दिसते. कॅमेऱ्याचं वेगळं तिकीट आहे.

मग नदी. घाटावरून पलीकडे होडी साधारण सकाळी सात ते संध्याकाळी सहापर्यंत, भाडं थोडकं. सूर्य मावळला की तीच होडी किंवा टोपली (टोपलीसारखी गोल होडी) पाचशे मागते, आणि द्यावे लागतात, कारण दुसरा मार्ग रात्री पुलावरून लांबचा फेरा. पावसाळ्यात तुंगभद्रा धरणातून पाणी सोडलं की होड्या बंद. पुरंदरदास मंडप पाण्यात बुडालेला दिसला तर घाटापर्यंत जायचीही गरज नाही. पलीकडून अंजनाद्री चार-पाच किलोमीटर, शेअर रिक्षा मिळते. ५७५ पायऱ्या, चुना लावलेल्या पांढऱ्या, उन्हात चढू नयेत. वर हनुमानाचं देऊळ आणि खाली नदीचं सगळं वळण. वेळ असेल तर आनेगुंदी आणि पंपा सरोवर, नसेल तर खुशाल सोडा. सणापूर तलावाला रीलमुळे गर्दी होते. पाण्यात मगरींची भीती आहे, पोहू नका.

पाण्याचा हिशेब वेगळा करावा लागतो. माणशी तीन लिटर सोबत हवंच, कारण अवशेषांच्या मधल्या पट्ट्यात दुकानं नाहीत. वीस रुपयांच्या बाटल्या दिवसाला चार-पाच घेण्यापेक्षा मुक्कामावरच्या फिल्टरमधून भरून न्या. केळी स्वस्त आणि उत्तम, सायकलवर खायला तीच.

दोन रात्री आणि साधारण अडीच दिवस. स्लीपरने जाऊन-येऊन हजारभर, मुक्काम माणशी हजार-बाराशे, जेवणखाण नऊशे ते हजार, सायकल-बस-होडी-तिकीट धरून चारशे-पाचशे. साडेतीन ते चार हजारांत हंपी होते. जनरलने गेलात आणि पावसाळ्यात खोली घेतलीत तर अडीच हजारांतही. त्याखाली मात्र जेवण मारावं लागतं, ते करू नका.

आणखी एक दिवस हाताशी असेल तर तो हंपीत वाढवण्यापेक्षा परतीच्या वाटेवर बदामीला उतरा. ही गाडी बदामीवरूनच जाते. स्टेशनापासून गाव पाचएक किलोमीटर, शेअर रिक्षा असते. सहाव्या-सातव्या शतकातली चालुक्यांची लेणी गावातच आहेत आणि पट्टदकल बसने बावीस किलोमीटरवर. त्यासाठी तिकिटं आधीच दोन तुकड्यांत काढावी लागतात, होस्पेट-बदामी जनरल आणि दुसऱ्या दिवशीचं बदामी-मुंबई स्लीपर. हे दुसरं तिकीट मधल्या स्टेशनाच्या कोट्यातलं असतं, वेटिंग सरकत नाही, म्हणून सगळ्यात आधी तेच बघावं आणि ते पक्कं झाल्यावर मुंबईहून निघायची तारीख ठरवावी.